डायोडची रेघ

७ जानेवारी

प्रिय मामा,

आधी बातमी सांगते, मग रडगाणं. मला घेतलं! या सोमवारपासून मी दवाखान्याच्या शिवणखोलीतून तळघरातल्या दुरुस्ती वर्कशॉपमध्ये आले. अकरा वर्षं चादरी शिवल्या, गाऊनना नाड्या लावल्या, आणि शिवणयंत्राची मोटर बिघडली की वर्कशॉपच्या माणसांची वाट न बघता स्वतःच उघडून बसले. त्याचं फळ म्हण किंवा शिक्षा म्हण. इथल्या मुख्य माणसाला सगळे ‘मिस्त्री’ म्हणतात. त्यांनीच माझं नाव सुचवलं. सहा महिने उमेदवारी. जमलं तर कायम, नाही जमलं तर काय ते विचारायचं धाडस मी केलं नाही, कारण शिवणखोलीतल्या माझ्या खुर्चीवर दुसरी बाई बसली सुद्धा.

आता रडगाणं. मुलाखतीत विचारलं, “सर्किटचं चित्र वाचता येतं?” मी म्हटलं, “येतं.” मामा, मला काय येतं ते तुला ठाऊक आहे. लहानपणी तुझ्या रेडिओच्या दुकानात स्टुलावर पाय हलवत बसायचे, तू बोट ठेवायचास आणि म्हणायचास, “हा रेझिस्टर, नागमोडी. हा कपॅसिटर, दोन भिंती.” तेवढ्या शिदोरीवर मी “येतं” म्हणून मोकळी झाले. आई म्हणते, तोंड वाजवायची सवय मला तुझ्याकडूनच लागली.

पहिलंच काम आलंय ते काचपेटीचं. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं ज्यात उबेला ठेवतात ती. पेटी जास्त तापली तर भोंगा वाजतो, त्या भोंग्याचा बोर्ड बंद पडलाय. एक डायोड फुटून त्याचे दोन तुकडे झालेत, वरचा नंबर जळून गेलाय. नवा कोणता घालायचा ते चित्रावरूनच ओळखायचं. मिस्त्री रजेवर, आणि बाकीचे दोघे ‘शिवणखोली’ म्हणून हाक मारतात, त्यांना विचारायला माझी जीभ उचलत नाही. चित्र फोनवर सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

वरून बारा व्होल्टची रेघ येते, मग रेझिस्टर, मग हा डायोड, मग खाली ग्राउंड. रेझिस्टर आणि डायोड यांच्या मधून एक रेघ फुटून चिपच्या पायाकडे जाते. डायोडचा त्रिकोण टोक वर करून, म्हणजे प्लसकडे तोंड करून उभा आहे. मागच्या पानावर जसंच्या तसं उतरवलंय. एकही रेघ माझ्या मनाची नाही. हा कोणता डायोड, आणि तो असा उलटा का?

लवकर लिही. माझी नोकरी तुझ्या पोस्टाच्या पेटीत आहे.

तुझी टिटवी


१३ जानेवारी

टिटवी,

तुझं पत्र वाचून दुकान पुन्हा उघडल्यासारखं वाटलं. तू माझ्याकडून तोंड वाजवायला शिकलीस हे तुझी आई म्हणते, म्हणजे तिचीही तब्येत ठणठणीत आहे.

नीट ऐक. डायोड म्हणजे एकेरी रस्ता. त्रिकोण हा बाण समज. बाण ज्या बाजूला तोंड करून आहे त्या बाजूला करंट जातो. बाणाच्या टोकाशी जी आडवी रेघ, ती भिंत. उलटीकडून कोणी आला की भिंतीला डोकं आपटून परत. तुझ्या शिवणयंत्राचे दाते कापड एकाच बाजूला सरकवतात ना? तसंच. खऱ्या डायोडच्या अंगावर एका टोकाला पट्टा असतो. चित्रातली रेघ म्हणजे तो पट्टा. एवढं पाठ केलंस की अर्धी लढाई जिंकलीस.

आता तुझा डायोड. चित्र पाहिलं. साधा डायोड आहे. प्लसकडे तोंड करून बसवलाय, कारण कोणी बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या तर बोर्ड जळू नये. एरवी तो काही करत नाही, नुसता पहारा देतो. कपाटातला कुठलाही साधा डायोड घे, पट्टा वर ठेव, सोल्डर कर आणि मिस्त्री यायच्या आत पेटी तयार ठेव.

घाबरू नकोस. चाळीस वर्षं हेच केलंय मी.

मामा


२२ जानेवारी

प्रिय मामा,

पेटी झाली! तू सांगितलंस तसाच डायोड लावला, पट्टा वर ठेवून. मंगळवारी पेटी वॉर्डात गेली आणि दुपारीच तिच्यात बाळ आलं सुद्धा, जेमतेम दीड किलोचं. मी काचेतून पाहिलं. मोजे माझ्या अंगठ्याएवढे आहेत. मिस्त्री रजेवरून आले, काही बोलले नाहीत, आणि इथे ते काही बोलले नाहीत म्हणजे पेढे वाटायला हरकत नाही असं म्हणतात.

आता पुढचा धडा. दुसऱ्या एका चित्रात डायोडच्या खांद्यावर दोन बारके तिरपे बाण आहेत. एका ठिकाणी ते बाहेर उडताहेत, दुसऱ्या ठिकाणी डायोडच्या अंगावर धावून येताहेत. छापखान्याची चूक की दोन वेगळ्या जाती?

आणि एक विचारू? तुझं अक्षर इतकं मोठं का झालंय? एका ओळीत चार शब्द, आणि ओळी उतारावरून घसरल्यासारख्या. आई म्हणाली, “तू अजून सहा वर्षांची आहेस असं वाटतं त्याला.” मला जरा रागच आला. चौतीस वर्षांची आहे मी, बारीक अक्षर वाचता येतं.

टिटवी


३० जानेवारी

टिटवी,

दोन वेगळ्या जाती. बाण बाहेर जात असतील तर तो डायोड उजेड देतो. यंत्रांवर लाल-हिरवे ठिपके लागतात तो, एलईडी. बाण आत येत असतील तर त्याला उजेड लागतो. उजेड पडला की तो करंट सोडतो, त्याला फोटोडायोड म्हणतात. एक दिवा, एक डोळा. दोघांची अदलाबदल केलीस तर यंत्र आंधळं होईल, एवढं ध्यानात ठेव.

अक्षराचं म्हणशील तर म्हातारपणी माणसाचा आवाज आणि अक्षर दोन्ही वाढतात. कागदही स्वस्त झालाय. रागावू नकोस.

मी काही दिवस बाहेरगावी जाणार आहे, जुन्या मित्राकडे. पत्राला उशीर झाला तर काळजी करू नका.

तुझं बाळ कसं आहे?

मामा


१ मार्च

प्रिय मामा,

हे तिसरं पत्र. आधीची दोन पोचली का? असा कोण मित्र आहे की महिनाभर सोडत नाही? आई रोज दुपारी पोस्टमनची वाट बघत दारात उभी असते आणि तो गेला की मला म्हणते, “तुझ्या डायोडांना कंटाळला असेल.” पण तिचा चेहरा वेगळं सांगतो. आठ दिवसांत पत्र आलं नाही तर तुझ्या शेजारच्या मास्तरीणबाईंना लिहीन, आणि तरी कळलं नाही तर रजा काढून येईन.

बाळ दोन किलोच्या वर गेलं. अजून त्याच पेटीत आहे, पण सिस्टर म्हणतात, आता थोडेच दिवस.

तुला एक सांगायचं राहिलंय. भेटल्यावरच सांगेन. एक ओळ तरी लिही.

टिटवी


तार. ६ मार्च, सकाळी ११

पेटी ताबडतोब बंद करा. बाळ हलवा. डायोड चुकीचा. चूक माझी. पत्र मागून. मामा


६ मार्च, दुपार

टिटवी,

तारघराच्या बाकावर बसून हे लिहितोय. तार करण्याआधी किराणावाल्याकडून दवाखान्याला तीनदा फोन लावला, लागला नाही. तार तुझ्या हातात पडली असेल, पेटी बंद केली असशील, असं धरून चाललोय. नसेल तर काय, ते मला लिहवत नाही.

मी मित्राकडे गेलो नव्हतो. डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गेली दोन वर्षं. दुकान कंटाळा आला म्हणून बंद केलं असं तुम्हाला सांगितलं, तेही खोटं. रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे दिसेनासे झाले होते. तांबडा की नारिंगी ते कळेना. एका माणसाच्या वडिलांचा रेडिओ माझ्या हातून जळला. त्यानं एक शब्द काढला नाही, नुसता रेडिओ उचलून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी फळी लावली ती लावलीच. ऑपरेशनला भीत होतो. जानेवारीच्या शेवटी मास्तरीणबाईंनी मला चहा ओतताना पाहिलं. चहा कपाच्या बाहेर पडत होता आणि मी खुशाल ओतत होतो. त्यांनी मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर आठवडेच्या आठवडे औषधाचे थेंब, गडद चष्मा, वाचायला मनाई. तुझी पत्रं आली ती तशीच पाकिटात पडून राहिली. दुसऱ्या कुणाला वाचायला सांगितलं असतं तर तुझ्या उत्तरातून सगळं फुटलं असतं.

काल नवा चष्मा मिळाला. घरी येऊन आज सकाळी तुझी पत्रं पहिल्यापासून वाचायला घेतली. पहिल्याच पत्राच्या मागच्या पानावर तुझं चित्र.

त्या रेघेची दोन्ही टोकं वाकलेली आहेत, टिटवी. एक वर, एक खाली. तू किती नीट काढली होतीस! जानेवारीत मी ते पान खिडकीत धरलं, भिंग लावलं, त्रिकोण दिसला आणि पुढे एक धूसर रेघ दिसली. तेव्हा तुला विचारायला हवं होतं, टोकं सरळ आहेत का म्हणून. एका ओळीचं काम होतं. पण टिटवी विचारतेय आणि मामाला दिसत नाही, हे मला माझ्याशीसुद्धा कबूल करवेना. मग पहाऱ्याची गोष्ट रचली. तू लिहिलं होतंस, आधी रेझिस्टर आहे, मधून रेघ चिपकडे जाते. डोळे मिटूनही मला तेवढ्यावरून कळायला हवं होतं.

तो झेनर डायोड आहे. तो मुद्दामच उलटा बसवतात. टाकीला वरच्या बाजूला भोक असतं ना, पाणी तिथवर चढलं की जास्तीचं वाहून जातं, तसा तो. ठरलेल्या व्होल्टपर्यंत गप्प राहतो, त्याच्या वर गेलं की उलट्या दिशेनंही वाट देतो. म्हणून व्होल्ट तिथेच अडून राहतात. चिप त्या व्होल्टशी पेटीच्या उष्णतेची तुलना करते. तिथे साधा डायोड घातला की भोक बुजलं. व्होल्ट चढून बारावर जातात. मग पेटी कितीही तापली तरी चिपला वाटतं, अजून पुष्कळ अवकाश आहे. भोंगा वाजणारच नाही. आणि तू लिहिलंस की बाळ अजून त्याच पेटीत आहे.

तुझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. हे पत्र मिस्त्रींना दाखव. चूक माझी आहे, माझ्या हस्ताक्षरात आहे, सहीसकट आहे.

मामा


तार. ६ मार्च, संध्याकाळी ५

बाळ सुखरूप. पेटी ठीक. डायोड जानेवारीपासूनच बरोबर आहे. जेवून घे. पत्र मागून. टिटवी


८ मार्च

माझ्या मामा,

जेवलास का? तारेत “जेवून घे” हे शब्द जास्तीचे होते. तारबाबू म्हणाला, “हे काढू का?” मी म्हटलं, “हात लावू नका.”

कालच्या टपालानं तुझं तारघरातलं पत्र आलं. आई वाचता वाचता मध्येच थांबली, चष्मा पुसला, मग म्हणाली, “गाढव आहे तो.” मग पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. ती पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतेय, तू नको म्हटलंस तरी.

आता जे भेटल्यावर सांगणार होते ते लिहूनच टाकते. मी तुला खोटं लिहिलं. तू सांगितलेला डायोड त्या पेटीत वॉर्डापर्यंत गेलाच नाही.

सतरा तारखेला तुझं पत्र मिळालं आणि त्याच दुपारी साधा डायोड लावला. चाचणीचं बटण दाबलं, भोंगा ठणाणा वाजला. बाकीचे दोघे म्हणाले, “झालं, वहीत सही कर आणि पाठव वर.” मी वही उघडली. तिच्यात एक रकाना होता, ‘किती अंशाला वाजला’. मागच्या सगळ्या पानांवर त्या रकान्यात नुसती बरोबरची खूण. मामा, शिवणखोलीत मापाच्या रकान्यात बरोबरची खूण केली असती तर मुख्य बाईंनी टेपनं माझा गळा आवळला असता. मला काही ती खूण करवेना. किती अंशाला वाजला ते मला माहीतच नव्हतं.

मग मी मगभर कोमट पाणी घेतलं, सेन्सर पातळ पिशवीत गुंडाळून त्यात सोडला, शेजारी थर्मामीटर लावला आणि किटलीतलं गरम पाणी थोडं थोडं ओतत गेले. साडेअडतीसला वाजायला हवा. अडतीस झाले, एकोणचाळीस झाले. मला वाटलं थर्मामीटर बिघडला. चाळीस. बेचाळीसला माझंच बोट पाण्यात ठेववेना आणि भोंगा आपला ढिम्म. बटण दाबलं की मात्र लगेच ठणाणा! तेव्हा कळलं, ते बटण भोंग्याला थेट जोडलेलं आहे. भोंगा जिवंत आहे एवढंच ते सांगतं.

मी घाबरले म्हणजे किती, तर टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. तुझ्यावर शंका घ्यायची कल्पनाच नव्हती. मला वाटलं, मीच काहीतरी वाकडंतिकडं सोल्डर केलंय. सगळे जोड पुन्हा तपासले, ठीक होते. मग ते चित्र टेबलावर पसरलं आणि त्यातला एकेक डायोड बोटानं शोधत बसले. एका कोपऱ्यात चौकोनात चार होते, चारांच्याही रेघा सरळ. दिव्याजवळ एक, खांद्यावर बाण असलेला, त्याचीही रेघ सरळ. आणि हा एकटाच टोकं दुमडलेला. मी तुझ्यासाठी उतरवून काढला होता तेव्हा ती टोकंही काढली होती, पण मला वाटलं होतं की चित्र काढणाऱ्याचा हात वळला असेल. पाच वेळा सरळ आणि एकदाच दोन्हीकडे सारखा कसा वळेल? कपाटातल्या खणांवर बारीक चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, आजवर मी फक्त नंबर वाचत होते. त्या दिवशी चिठ्ठ्यांवरची चित्रं वाचली. तिसऱ्या खणावर तीच वाकडी टोकं. खाली लिहिलेलं, झेनर. किती व्होल्टचा घ्यायचा तो आकडा चित्रातच डायोडच्या शेजारी होता. तो मी रेझिस्टरचा समजले होते!

तो लावला. पुन्हा मग, पुन्हा किटली. अडतीस पूर्णांक सहाला भोंगा वाजला आणि माझ्या हातातून किटली सुटली. अजून टेबलाखालच्या फरशीवर त्या पाण्याचा पांढरट डाग आहे.

सोमवारी मिस्त्री आले. मी सगळं सांगितलं. चित्र वाचता येतं म्हटलं ते खोटं होतं, हेही. ते म्हणाले, “मला माहीत होतं.” मी म्हटलं, “कसं?” म्हणाले, “ज्याला येतं तो ‘येतं’ म्हणत नाही, ‘कोणतं चित्र आहे’ म्हणून विचारतो.” मग वही बघितली. ‘३८.६’ या आकड्यावर बोट ठेवलं. बाकीच्या दोघांना बोलावून म्हणाले, “उद्यापासून सगळ्या पेट्या पाण्यात.” एवढंच. त्यानंतर दवाखान्यातल्या सातही पेट्या आम्ही तशा तपासल्या. दोघांनी मला ‘शिवणखोली’ म्हणणं सोडलं नाही, पण आता चहा आणून देताना म्हणतात.

तुला का लिहिलं नाही? लिहायला बसले होते. “मामा, तू सांगितलंस ते चुकीचं होतं” एवढं लिहिलं आणि पान फाडलं. दुकान बंद झाल्यापासून तुला कोणी काही विचारत नव्हतं. मी विचारलं, तू दोन पानं भरून उत्तर दिलंस, त्यात तू पूर्वीसारखा होतास. म्हटलं, हे कशाला हिरावून घ्यायचं? म्हणून खोटं लिहिलं. आणि त्या खोट्यामुळे तू तारघराच्या बाकावर बसलास. दिसत नाही हे तू लपवलंस, चुकलास हे मी लपवलं. आई तुला ‘गाढव’ म्हणते तेच आपल्या दोघांनाही लागू.

अक्षरावरून मी रागावले होते ना? ते पत्र फाडून टाक.

टिटवी


१४ मार्च

टिटवी,

जेवलो. दोनदा.

तुझी आई काल पोचली. आल्याआल्या तिनं माझ्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरून “किती?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, “पाच.” तिनं मला मारायला हात उचलला, तेव्हा समजलं की सगळं माफ आहे. आत्ता ती मास्तरीणबाईंशी माझ्या तक्रारी करत बसलीय. दोघींची चांगलीच गट्टी जमलीय, माझं काही खरं नाही.

त्या दिवसाचं तुला सांगतो. तार केली आणि मला घरी जाववेना. तारबाबू म्हणाला, “काका, तुम्ही जा, उत्तर आलं की माणूस पाठवतो.” मी म्हटलं, “इथेच बसतो.” तुला पत्र लिहिलं, टपालात टाकलं, परत येऊन बसलो. समोर घड्याळ. दोन वर्षांनी पहिल्यांदा मला घड्याळाचे काटे लांबून दिसत होते, आणि दिसू नयेत असं वाटत होतं. तो खटखट यंत्रावर कुणाकुणाचं काय काय उतरवून घेत होता. दर वेळी मी उठायचो, तो मानेनं नाही म्हणायचा. शेवटी मी उठायचं सोडलं आणि बसूनच राहिलो. सव्वापाचला त्यानं कागद फाडायच्या आधीच मोठ्यानं वाचलं, “बाळ सुखरूप.” पुढचं मला ऐकूच आलं नाही. त्यानं मला पाणी आणून दिलं. विचारलं, “नात का?” मी म्हटलं, “हो.” एवढं एक खोटं त्या दिवशी आणखी बोललो, ते मात्र मला टोचत नाही.

रस्त्यानं येताना सगळ्या पाट्या वाचत आलो. किराणावाल्यानं शेंगदाण्याचं स्पेलिंग चुकवलंय, त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “काका, सहा वर्षं झाली या पाटीला!”

तुझं पत्र चार वेळा वाचलं. टिटवी, मी झेनर ओळखायला शिकलो तो उस्तादांच्या हातच्या दोन थपडा खाऊन. तू एका दुपारी, एकटीनं, पाच सरळ रेघांच्या शेजारी एक वाकडी ठेवून शिकलीस. वाईट वाटलं का मला? जरासं वाटलं. खोटं कशाला बोलू. पण त्याच्या कितीतरी वर दुसरं काही वाटलं, ते लिहिता येत नाही. मास्तरीणबाईंना तुझ्या पाण्याच्या मगाची गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की त्या आता शेवट स्वतःच सांगतात.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये आहे. आता भीती नाही. ते झालं की तुझ्याकडे येईन आणि पंधरा दिवस राहीन. वर्कशॉपमध्ये स्टूल असेलच.

मामा

ता. क. अक्षर बघ. एका ओळीत नऊ शब्द.


२ एप्रिल

मामा,

डॉक्टरांची तारीख कळली का? मी रजेचा अर्ज टाकलाय. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे असेन, आई आणि मास्तरीणबाई मिळून तुला काय काय करतील ते बघायला.

परवा जे झालं ते लिहिण्यासाठी बसलेय.

आपलं दीड किलोचं बाळ मागच्या पंधरवड्यात घरी गेलं. त्या पेटीत आता दुसरी मुलगी आहे, त्याहून छोटी. मंगळवारी दुपारी सव्वातीनला मी खाली एका पंख्याची वाइंडिंग बघत होते, आणि वरून भोंगा. चाचणीचा नव्हे. चाचणीला आम्ही दोन सेकंद वाजवतो. हा थांबेचना. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. मग मी जिन्यावरून किती पायऱ्या एकदम चढले ते मला आठवत नाही.

मी पोचेपर्यंत सिस्टरनी पेटी उघडून वायर ओढून काढली होती आणि मुलीला शेजारच्या पेटीत ठेवलं होतं. काही झालं नव्हतं. कुणालाच काही झालं नव्हतं. हीटर चालू-बंद करणारा रिले आतून चिकटून बसला होता, बटण बंद केलं तरी हीटर तापतच राहिला. काटा अडतीस पूर्णांक सहाच्या जरा पुढे होता. सिस्टर माझ्यावरच डाफरल्या, “केवढ्यानं ओरडतं हो तुमचं यंत्र! वॉर्डातली सगळी पोरं उठवली, जिची पेटी ती तेवढी झोपलीय.” मी म्हटलं, “सॉरी सिस्टर.” आणि तिथल्याच स्टुलावर बसले. मग सिस्टरनी माझ्याकडे नीट पाहिलं, काटा पाहिला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पेटी खाली आणली. रिले बदलला, सगळे जोड तपासले, सेन्सर पाण्यात सोडला. मिस्त्रींनी स्वतः किटली धरली. वाजला तेव्हा त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. कायम व्हायला अजून तीन महिने आहेत आणि त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. मीही विचारत नाही. हल्ली मला त्याची पूर्वीइतकी धाकधूक वाटत नाही.

पेटी परत वर ठेवून निघाले तेव्हा व्हरांड्यात त्या मुलीचा बाप बसला होता. मांडीवर डबा, डबा न उघडलेला. भोंगा वाजला तेव्हा तो खाली औषध आणायला गेला होता, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर बघून त्यानं विचारलं, “ताई, मघाशी तो भोंगा कसला वाजत होता?”

मी म्हटलं, “पेटीचा. जास्त तापली की वाजतो.”

तो उठूनच उभा राहिला. “मग?”

“वाजला, म्हणून सिस्टरनी लगेच मुलीला हलवलं. ती ठीक आहे, झोपलीय. जाऊन बघा.”

तो गेला. दाराच्या काचेला कपाळ टेकवून बराच वेळ उभा होता. मग परत येऊन बाकावर बसला आणि डबा उघडला.

टिटवी